डार्विनचं 'ओरिजिन' वाचायचं, पण कुठल्या आवृत्तीचं?

तळटीप
मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर पुढचं पुस्तक म्हणून डार्विनचं 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' घ्यायचं ठरलं. निम्म्या लोकांनी इंटरनेटवरची फुकट प्रत उतरवून घेतली, उरलेल्यांनी दुकानातून आणली. पहिल्याच बैठकीत गोंधळ! एका प्रतीत चौदा प्रकरणं, दुसरीत पंधरा. एकीच्या सुरुवातीला पूर्वसूरींचा आढावा आहे, दुसरीत त्याचा पत्ता नाही. एकीच्या शेवटच्या वाक्यात 'निर्माता' हजर, दुसरीत गैरहजर.

थोडं शोधल्यावर कळलं की पहिली आवृत्ती १८५९ ची आणि सहावी १८७२ ची. मधल्या तेरा वर्षांत डार्विन सतत पुस्तक दुरुस्त करत होता, आणि त्यातल्या बऱ्याच दुरुस्त्या लोकांच्या पत्रांमुळे झाल्या.

माझं मत सरळ आहे: पहिलीच वाचावी. पुढे पुढे इतक्या लोकांनी इतकं काही कळवलं की प्रत्येकाचं समाधान करता करता मूळ जोर गेला. तुमचं काय म्हणणं?

काजवा
वाचतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

जुनाबाजार
ताई, जुन्या पुस्तकांच्या नादापायी जे गोळा झालंय ते सांगतो.

पहिली आवृत्ती २४ नोव्हेंबर १८५९, प्रकाशक लंडनचे जॉन मरे, १,२५० प्रती, किंमत १५ शिलिंग. 'एका दिवसात संपली' असं जे सांगतात त्याचा अर्थ पुस्तकविक्रेत्यांनी सगळ्या प्रती उचलल्या, एवढाच. दुसरी लगेच जानेवारी १८६० मध्ये, ३,००० प्रती. तिसरी १८६१, चौथी १८६६, पाचवी १८६९, सहावी १८७२. सहावी मुद्दाम स्वस्त काढली, साडेसात शिलिंगांची. टाइप बारीक, आणि नावातला 'ऑन' गेला.

आता खरा आकडा. मोर्स पेकहॅम नावाच्या अभ्यासकाने १९५९ मध्ये सहाही आवृत्त्या वाक्यागणिक समोरासमोर ठेवून छापल्या. पहिल्या आवृत्तीत सुमारे ३,९०० वाक्यं. त्यातली जवळपास ७५ टक्के पुढे कधी ना कधी बदलली, काही तर पाच-पाच वेळा. शिवाय दीड हजारांहून जास्त वाक्यं नव्याने घातली. म्हणजे तुमच्या कट्ट्यावर खरोखरच दोन पुस्तकं आहेत.

उनाड_उंदीर
थोडक्यात, पुस्तकच उत्क्रांत झालं.

मुद्राराक्षस
@उनाड_उंदीर, हा विनोद कोणीतरी करणारच होता, तू केलास म्हणून आमची सुटका झाली.

हेमाडपंती
तळटीप, सपशेल असहमत. लेखकाने हयातीत ज्या प्रतीवर शेवटचा हात फिरवला ती प्रमाण मानावी. डार्विनला सहावी पटत नसती तर पहिलीच पुन्हा छापायला त्याला कोण अडवत होतं? कोणी चूक दाखवली आणि ती खरी निघाली तर पुढच्या आवृत्तीत सुधारायची, यात 'जोर गेला' काय? आपल्याकडे पन्नास वर्षं तीच चूक घेऊन पाठ्यपुस्तकं निघतात, ते चालतं होय?

तळटीप
@हेमाडपंती, चूक सुधारायला माझी हरकत नाहीच. पण 'निर्मात्या'चं बघा. पहिल्या आवृत्तीच्या शेवटच्या वाक्यात जीवन एका किंवा काही थोड्या रूपांत फुंकलं गेलं, एवढंच आहे. कोणी फुंकलं ते नाही. दुसऱ्या आवृत्तीत तिथे 'निर्मात्याने' आलं. मार्च १८६३ मध्ये डार्विन त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, हूकरला, लिहितो की आपण लोकमतापुढे मान तुकवली आणि बायबलातला निर्मितीचा शब्द वापरला याचा आपल्याला फार दिवस पश्चात्ताप होतोय. म्हणजे सुधारणा मनापासून नव्हती.

हेमाडपंती
पश्चात्ताप १८६३ चा ना? मग त्यानंतर तीन आवृत्त्या निघाल्या, त्यातून तो शब्द का नाही काढला? सहावीतही आहे. मित्राला पत्रात एक आणि छापील पुस्तकात दुसरं, तर मी छापील धरणार.

जुनाबाजार
दुसऱ्या आवृत्तीतली आणखी एक भर बघा. चार्ल्स किंग्जली हा पाद्री आणि लेखक. त्याला प्रकाशनाआधीच प्रत मिळाली होती. त्याने नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विनला लिहिलं की स्वतःतून नवी रूपं घडवू शकणारे मूळ जीव देवाने केले असं मानणं हीही देवाविषयीची तितकीच उदात्त कल्पना आहे. पुढच्या जानेवारीत ते मत पुस्तकात! नाव न घेता, 'एक नामवंत लेखक व धर्मवेत्ता' म्हणून. पत्र हातात पडल्यापासून छापून बाहेर यायला दोन महिनेही लागले नाहीत. धार्मिक वाचकांसाठी ढाल मिळाली, त्याने ती लगेच पुढे केली. यात मला पश्चात्ताप वगैरे दिसत नाही, चांगलं व्यवहारज्ञान दिसतं.

मुद्राराक्षस
माझा जन्म छापखान्यात गेला, त्यामुळे मला त्या जुळाऱ्यांची दया येते. आज फाइल उघडली, वाक्य घातलं, संपलं. खिळे जुळवण्याच्या काळात परिच्छेदाच्या मध्ये चार शब्द घातले की पुढच्या सगळ्या ओळी सरकतात, पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते, आणि असं करत करत फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा संच) संपेपर्यंत निस्तरावं लागतं. लेखक प्रुफात नवं लिहायला लागला की आमच्याकडे लोक त्याला चहा पाजून हळूच मूळ हस्तलिखिताची आठवण करून द्यायचे. पहिल्या आवृत्तीच्या वेळी डार्विनने प्रुफं इतकी रंगवली की शेवटी त्यानेच मरेला लिहिलं, माझी भाषा फारच वाईट आहे, दुरुस्तीचा खर्च माझ्याकडून घ्या. मरे भला माणूस, त्याने निभावून नेलं.

निशिगंध
सहावीच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी अस्वलाची गोष्ट.

पहिल्या आवृत्तीत डार्विन सांगतो की उत्तर अमेरिकेत काळं अस्वल तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पोहताना आणि देवमाशासारखे पाण्यातले किडे पकडताना दिसलं आहे. पुढे म्हणतो, किडे असेच मिळत राहिले आणि जास्त सरस प्रतिस्पर्धी नसले, तर अस्वलांची एखादी जात अधिकाधिक पाण्यातली होत, तोंड मोठं होत होत देवमाशाएवढा अवाढव्य प्राणी व्हायला मला काही अडचण दिसत नाही. यावरून त्याची भरपूर टर उडवली गेली. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन त्यात पुढे. दुसऱ्या आवृत्तीत अस्वल पोहतंय, किडे पकडतंय, पण देवमासा होण्याचा भाग गायब.

आता गंमत. देवमासे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांपासूनच आले, हे आज जीवाश्मांवरून पक्कं झालंय. त्यातला महत्त्वाचा पुरावा आपल्या उपखंडातला. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळ ए. रंगा राव या भूवैज्ञानिकाने गोळा केलेल्या खडकांतून 'इंडोह्यस' हा मांजराएवढा खुरवाला प्राणी पुढे आला, आणि २००७ मध्ये तो देवमाशांचा जवळचा नातलग असल्याचं जाहीर झालं. अस्वल चुकलं, दिशा बरोबर होती. काढून टाकलेलंच वाक्य जास्त धाडसी ठरलं.

म्हणून तळटीपला माझं अनुमोदन.

कोकणकडा
निशिगंध, दगडांच्या बाबतीत हिशेब उलटा आहे, तोही ऐका.

पहिल्या आवृत्तीत डार्विनने दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड खोऱ्याची झीज व्हायला किती वर्षं लागली असतील याचं गणित मांडलं. शतकाला एक इंच या वेगाने कडे मागे सरकतात असं धरून उत्तर काढलं ३०,६६,६२,४०० वर्षं, म्हणजे ढोबळ तीस कोटी. टीका झाली, आणि योग्यच झाली. दुसऱ्या आवृत्तीत त्याने सावध शब्द घातले, तिसरीत सगळं गणितच उडवलं. इथे टीकाकारांचं ऐकणं बरोबर होतं, आकडा खरंच फुगलेला होता.

पण मग विल्यम थॉमसन आला, पुढचा लॉर्ड केल्विन. त्याने १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या हिशेबाने तिचं वय दोन ते चाळीस कोटी वर्षांच्या मध्ये बसवलं, आणि पुढे तो ते आणखी कमी करत गेला. डार्विनला याचा फार जाच झाला. पाचव्या-सहाव्या आवृत्तीत बदल जरा भराभर कसे होऊ शकतील याची जुळवाजुळव दिसते ती त्यामुळे. खरं वय साडेचारशे कोटींच्या आसपास! किरणोत्सर्ग १८९६ पर्यंत कोणाला माहीतच नव्हता. तेव्हा एका बाजूला योग्य माघार, दुसऱ्या बाजूला विनाकारण माघार, आणि त्या काळी कुठली कोणती हे सांगणार कोण?

उनाड_उंदीर
बाकी सहाव्या आवृत्तीपर्यंत 'इव्होल्यूशन' हा शब्द पुस्तकात नव्हता असं आत्ताच वाचलं. म्हणजे माझा वरचा विनोद पहिल्या आवृत्तीत बसलाच नसता. सहावीला मत.

गोधडी
अवांतर: पण डार्विनला आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल माहीत असता तर हे सगळं टळलं असतं ना? मेंडेलचा निबंध डार्विनच्या घरी न फाडलेल्या पानांसकट पडून होता म्हणे. केवढं दुर्दैव!

निशिगंध
@गोधडी, ही दंतकथा आहे. मेंडेलचा १८६६ चा निबंध डार्विनच्या संग्रहात नव्हताच. त्याच्याकडे होतं ते फोके या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं १८८१ चं संकरांवरचं जाडजूड पुस्तक. त्यात मेंडेलचा उल्लेख आहे, आणि ती पानं न कापलेली राहिली. तोवर डार्विनच्या आयुष्याचं एक वर्ष उरलं होतं.

पण तुमचा मूळ मुद्दा महत्त्वाचा आहे. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने एका परीक्षणात विचारलं: आई-बापांचे गुण पिढीगणिक मिसळून पातळ होत असतील, तर एखाद्याच जिवात आलेला चांगला बदल टिकणार कसा? डार्विनला हे टोचलं. पाचव्या आवृत्तीत त्याने एकट्यादुकट्या मोठ्या बदलांवरचा भर कमी केला आणि सगळ्या समूहात असलेल्या बारीक फरकांकडे वळला. अवयव वापरल्याने किंवा न वापरल्याने होणारे बदल पुढच्या पिढीत उतरतात, याला नंतरच्या आवृत्त्यांत जास्त जागा मिळाली. आजच्या विद्यार्थ्याने सहावी आधी वाचली तर तो बुचकळ्यात पडेल.

गोधडी
दंतकथा जास्त छान होती. :)

परदेशी_पाटील
इथे राहायला आल्यापासून लंडनजवळचं डार्विनचं घर, डाउन हाउस, बघायचं होतं, ते झालं. अभ्यासिकेतली त्याची मांडणी बघून मला तर हा माणूस पत्रांचा कारखाना चालवायचा असंच वाटलं. आत्मचरित्रात तो स्वतः सांगतो की विषयवार तीस-चाळीस मोठी बाडं नावं लावलेल्या फडताळांत ठेवलेली असायची. आलेलं पत्र अखंड ठेवायचंच असं नाही. कबुतरांवरचा भाग कापून कबुतरांच्या बाडात, घोड्यांचा घोड्यांच्या. पुस्तकांनाही दयामाया नाही, जाड पुस्तक हातात धरवत नाही म्हणून सरळ मधून दोन तुकडे! त्याचा मुलगा फ्रान्सिसने लिहून ठेवलंय की तुमचं पुस्तक मला कापावं लागलं असं भूवैज्ञानिक लायेलला सांगून त्याने लायेलच्या एका पुस्तकाची पुढची आवृत्ती दोन खंडांत काढायला लावली, आणि ही बढाई तो मिरवायचा.

त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रं सापडली आहेत. १९७४ मध्ये ती गोळा करून छापायचा प्रकल्प सुरू झाला, पहिला खंड १९८५ चा, आणि तिसावा आत्ता काही वर्षांपूर्वी निघाला. सगळी पत्रं केंब्रिजच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सर्वांनी एकदा तरी चाळा. रात्री उशीर झाला तर मी जबाबदार नाही.

जुनाबाजार
लायेलचं नाव निघालंच आहे तर: 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी' १८३० ला सुरू झालं आणि त्याच्या बारा आवृत्त्या झाल्या. डार्विन बीगल जहाजावर तेच घेऊन गेला होता. त्यात लायेलने प्रजाती बदलतात हे अमान्य केलं होतं. दहाव्या आवृत्तीत, १८६८ च्या सुमारास, सत्तरीतल्या माणसाने आपल्याच गाजलेल्या पुस्तकात ती बाजू बदलली. याला म्हणतात आवृत्ती सुधारणं.

निवृत्त_नगरकर
नमस्कार. या पत्रांत आमचं नगरही आहे, हे इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

माणसांचे आणि प्राण्यांचे हावभाव या विषयावर डार्विनचं १८७२ चं पुस्तक आहे. त्यासाठी त्याने १८६७ मध्ये एक प्रश्नावली छापून जगभर पाठवली. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतं का, लाजेने चेहऱ्यावर लाली येते का आणि ती अंगावर कुठवर उतरते, होकाराला मान खाली-वर आणि नकाराला आडवी हलते का, असे प्रश्न. तेव्हा मुंबई इलाख्यात, अहमदनगर जिल्ह्यात अर्स्किन नावाचे एक साहेब होते. त्यांनी लोकांचे चेहरे निरखले आणि कळवलं की काही खात्रीने सांगणं अवघड आहे, कारण इथली माणसं युरोपियनांसमोर आपल्या भावना नेहमीच लपवतात. डार्विनने हे प्रस्तावनेतच नमूद केलंय. कानडा जिल्ह्यातल्या वेस्ट नावाच्या न्यायाधीशांकडूनही त्यांनी माहिती मिळवून दिली.

दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याने साहेबासमोर चेहरा कोरा ठेवला यात नवल ते काय? सारा वसूल करणारे तेच होते. मला त्या पुस्तकातली ही नोंद सगळ्यात प्रामाणिक वाटते.

उनाड_उंदीर
होकार-नकाराच्या मानेचा प्रश्न हिंदुस्थानात पाठवला? काका, आपली मान ना खाली-वर ना आडवी. त्या एका उत्तरासाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली असती.

निशिगंध
नगरकर काका, फार छान माहिती. आपल्या बाजूचे आणखी दोन दुवे 'ओरिजिन'मध्येच आहेत. पाचव्या प्रकरणात काठेवाडी घोडे येतात. सरकारसाठी त्या घोड्यांची पाहणी करणाऱ्या कर्नल पूल यांनी कळवलं होतं की अंगावर पट्टे नसलेला घोडा तिथे अस्सल मानत नाहीत. घोडा, गाढव, झेब्रा यांचा पूर्वज एकच आणि पट्टेवाला, या युक्तिवादात तो पुरावा बसला. दुसरे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ. पाळीव जनावरं आणि कोंबड्यांवर त्यांची पत्रंच्या पत्रं आहेत. सगळ्या पाळीव कोंबड्यांचं मूळ भारतातला रानकोंबडा, हे ब्लाइथ यांचं मत आहे असं पहिल्याच प्रकरणात छापलंय. पगार तुटपुंजा, तब्येत नाजूक, आणि तरी पानंच्या पानं लिहिणारा माणूस.

तळटीप
@सर्वजण, इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं, मंडळ आभारी आहे. पण माझा प्रश्न अजून लोंबकळतोय.

हेमाडपंती
मीही जरा पुढे सरकतो. सहाव्या आवृत्तीत नवं सातवं प्रकरण आहे, आक्षेपांना उत्तरं देणारं, आणि त्यातला मोठा भाग सेंट जॉर्ज मिव्हर्ट या प्राणिशास्त्रज्ञाला उद्देशून. मिव्हर्टचा सवाल बिनतोड होता: अर्धवट झालेला अवयव काय कामाचा? सुरुवातीच्या टप्प्यात फायदा नसेल तर नैसर्गिक निवड त्याला पुढे नेणार कशी? डार्विन तिथे चपट्या माशाचा एक डोळा दुसऱ्या बाजूला कसा सरकला असेल, देवमाशाच्या तोंडातली गाळणी पायरीपायरीने कशी झाली असेल, हे बदकांच्या चोचींपर्यंत जाऊन समजावतो. हे प्रकरण पहिल्या आवृत्तीत नाही. ते वगळून डार्विन वाचणं म्हणजे समोरच्याचा डाव न बघता कुस्तीचा निकाल ऐकणं.

जुनाबाजार
आणि नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेला वॉलेस राहिला. त्याने जुलै १८६६ मध्ये डार्विनला लांबलचक पत्र लिहिलं की 'नैसर्गिक निवड' म्हटलं की कोणीतरी बसून निवडतंय असं लोकांना वाटतं, त्यापेक्षा तत्त्वज्ञ स्पेन्सरचा 'सर्व्हायवल ऑफ द फिटेस्ट' (जो सर्वांत योग्य तो टिकतो) घ्या. तेव्हा चौथी आवृत्ती छपाईत होती, म्हणून तो शब्दप्रयोग पाचवीत आला. आज डार्विनच्या नावावर जे वाक्य भिंतींवर रंगवतात ते स्पेन्सरचं, सुचवलं वॉलेसने आणि पुस्तकात आलं दहा वर्षांनी!

मुद्राराक्षस
बाहेरदेशी तर आवृत्तीवर लेखकाचाही ताबा नव्हता. जर्मन भाषांतर करणाऱ्या ब्रॉनने १८६० मध्ये शेवटी स्वतःचं टीकेचं प्रकरण जोडलं, आणि माणसाच्या उगमावर प्रकाश पडेल हे वाक्य गाळलं. फ्रेंचमध्ये क्लेमॉन्स रॉयर बाईंनी १८६२ मध्ये धर्मसंस्थेवर तुटून पडणारी लांब प्रस्तावना लिहिली. एकाने वजा केलं, दुसरीने अधिक केलं, आणि लेखक डाउनमध्ये बसून पत्रं लिहितोय.

कोकणकडा
जाता जाता, निशिगंध, कासच्या पठारावर सप्टेंबरात 'सीतेची आसवं' आणि दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पती बघायला जाणार असाल तर डार्विनचं १८७५ चं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक सोबत ठेवा. त्यात अमेरिकेतल्या मेरी ट्रीट या बाईंच्या निरीक्षणांना नावानिशी श्रेय दिलंय.

तळटीप
ठरलं तर. कट्ट्यावर पहिली आवृत्ती पूर्ण वाचायची, मग सहावीचं सातवं प्रकरण स्वतंत्र बैठकीत, आणि शेवटचा परिच्छेद दोन्हींतला शेजारी शेजारी. पत्रांपैकी १८५९ आणि १८६० मधली, हूकर आणि अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांची. हेमाडपंती, तुम्ही मिव्हर्टची बाजू मांडा.

हेमाडपंती
मिव्हर्टची? मी तर डार्विनच्या शेवटच्या हाताच्या बाजूचा! बरं, मांडतो. पण अस्वल कोणाकडे?

निशिगंध
अस्वल माझं.

जुनाबाजार
सहावीच्या शेवटी डब्ल्यू. एस. डॅलसने केलेली पारिभाषिक शब्दांची सूची आहे, ती मात्र सगळ्यांना छापून द्या. पहिल्या आवृत्तीत ती सोय नाही आणि तिसऱ्या पानापासून लागते.

निवृत्त_नगरकर
बैठक ऑनलाइन असेल तर दुवा इथेच टाका. मी येईन, पण चेहरा कोरा ठेवीन.